कणसांची टोपडी

२ डिसेंबर, सोमवार
राणीसावरगाव

पहिल्या ओळीतलं पहिलं कणीस आज पानाच्या पोटरीतून बाहेर आलं. शांभवीला आठ महिने पूर्ण झाले, तेही आजच. दोन्हींतल्या कशाचा आनंद आधी झाला हे मी इथेसुद्धा लिहिणार नाही.

गेली रब्बी डॉक्टरांनी पलंगावर झोपून काढायला लावली, त्यामुळे पीएचडीचं एक वर्ष गेलं. या वेळी आमच्या सरांनी, म्हणजे गाईड डॉ. दिनकररावांनी, ज्वारीच्या संकराचं काम परभणीला विद्यापीठाच्या शेतात न करता इथं सासरच्या रानात करायला परवानगी दिली. "बाळ लहान आहे, समजू शकतो," म्हणाले आणि चष्मा दोनदा पुसला. समजू शकतो म्हणणारे लोक नेमकं काय समजतात ते मला कधी कळत नाही. आठ जानेवारीला सल्लागार समिती प्लॉट बघायला येणार आहे.

शिवप्रकाशला (वहीत एकेरी, तोंडावर अहो) मी सांगून टाकलंय की ही रब्बी हातची गेली तर मी पीएचडी सोडणार. ही धमकी नाही. रब्बीची ज्वारी वर्षातून एकदाच फुलोऱ्यात येते आणि आणखी एक वर्ष असं अर्धवट जगायची ताकद माझ्यात नाही. तो "बघू" म्हणाला आणि बोरीला शाळेवर निघून गेला. मास्तर माणूस. शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने जातो.

५ डिसेंबर, गुरुवार

आत्याबाईंनी आज पुन्हा विचारलं, "कधी सरायचं गं हे तुझं?"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, शांतम्मा. मामंजी गेल्यापासून शेतही त्याच बघतात. दर दोन दिवसांनी त्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो. मी "जानेवारीत" म्हणते. त्या मान हलवतात आणि कपाळावरची विभूती नीट करत बसतात. तोंडाने कधी "सोड" म्हणणार नाहीत, पण मला कळायचं ते कळतं.

आज डाळीत खडा लागला. परवाही लागला होता. पूर्वी त्यांनी निवडलेल्या डाळीत कधी काही सापडत नसे, म्हणजे हा राग डाळीवर निघतोय. आणखी एक नवीन प्रकार म्हणजे शांभवीच्या पायांत त्यांनी घुंगरांचे वाळे घातलेत. पोर हलली की छुमछुम. दुपारी ती झोपते तेव्हा मीही तासभर पडते, पण वाळ्यांनी माझी झोप मोडते. "काढा ना ते," म्हटलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आमच्यात घालत्यात."

शिवप्रकाशला फोनवर विचारलं की तुमच्यात घालतात का. तो म्हणाला, मला आठवत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

काम सुरू झालं. दुपारी कणसातल्या एकेका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, म्हणजे ते आपलं आपल्यावर फळत नाही, आणि वर कागदी पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या बापाचा पराग आणून त्यावर झटकायचा, पिशवी परत घालून यू-पिन लावायची आणि पिशवीवर लिहायचं: आई अमुक, बाप तमुक, तारीख. आई ओळीवरून कळते, कारण एका ओळीत एकच वाण आहे. बाप मात्र चार आहेत आणि त्यांची नावं फक्त पिशवीवर असतात.

आज मोठी चूक होता होता राहिली. शांभवीला दात येतायत, रात्र बसून काढली होती. सकाळी कणसासमोर हातात पराग घेऊन उभी राहिले आणि काल इथं कुठला बाप ठरवला होता तेच आठवेना. एमएस्सीला मला एकेका वाणाची वंशावळ तोंडपाठ होती. आता चहात साखर घातली का तेही आठवत नाही.

म्हणून शाळेतल्या पोरांसारखी युक्ती केली. शांभवीला आखूड झालेली झबली काढली आणि चिंध्या फाडल्या. एका बापाला पिवळी, एकाला पांढरी, एकाला निळी, एकाला लाल. दुपारी पुंकेसर काढले की खाली धांड्याच्या पेराला त्या रंगाची चिंधी बांधायची. आज सकाळी कशीबशी आठवून केलेल्या कणसांनाही बांधून टाकली. सकाळी डोकं चालो न चालो, रंग बघायचा आणि पराग झटकायचा. पिशवीवर लिहिलं की चिंधीचं काम संपलं. सोडायला वेळ नाही, राहू देत तिथंच.

सरांना हे सांगणार नाही. हसतील.

१५ डिसेंबर, रविवार

आत्याबाई शांभवीला घेऊन रानात आल्या होत्या. पिशव्या घातलेली कणसं बघून म्हणाल्या, "टोपडी घातलीस व्हय सगळ्यांला?" भुजंगमामा, आमचं रान कसणारे, खो खो हसले. दिवसभर गावात हाच विनोद चालू होता.

शिवप्रकाश आला होता. तो आणि आत्याबाई ओसरीवर हळू आवाजात बोलत होते. मी गेले की गप्प. "आता जानेवारीतच बघू," एवढं ऐकू आलं. जानेवारीत काय बघणार आहेत ते मला न सांगता कळतं. मायलेक मिळून माझं शिक्षण गुंडाळणार आहेत. मी काही विचारलं नाही, भाकरी मात्र दोन करपल्या.

२२ डिसेंबर, रविवार

शेवटचं कणीस आज झालं. संपलं! हाताच्या बोटांना चिमट्याचे घट्टे पडलेत आणि डोळ्यांखाली काळं आहे, पण ठरवलेले सगळे संकर झाले, एकही चुकला नाही. रानातून येताना मी चक्क गुणगुणत होते. शांभवीने मला बघून दोन्ही हात वर केले, वाळे वाजवले आणि नव्या दाताने माझ्या खांद्याचा कडकडून चावा घेतला.

सुखी आहे मी आज. लिहून ठेवते, नंतर पुरावा लागेल.

२९ डिसेंबर, रविवार

उद्या येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची अंबिल रानभर शिंपडायची आणि सगळ्यांनी रानातच जेवायचं. या वर्षी अमावस्या सोमवारी, महादेवाच्या वारी आल्यामुळे आत्याबाईंच्या अंगात दहा बायांचं बळ आलंय. त्यांची नणंद नर्मदाबाई पाथरीहून मुक्कामी आल्यात. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "म्या दिल्यालं पिवळं झबलं कुठंय? घाल की लेकराला सणाला."

ते झबलं ज्वारीच्या पेरांना बांधलंय हे कसं सांगणार? "धुवायला टाकलंय," म्हटलं.

शांभवीचं अंग गरम लागतंय.

३० डिसेंबर, सोमवार

ताप. मी घरीच राहिले. सगळे रानात गेले. डबा घरी आला, भज्जी आणि बाजरीचे उंडे एकटीने खाल्ले. संध्याकाळी ताप उतरला. आत्याबाई दमून पण फार खुशीत परत आल्या. "आज तुझ्या रानाचं लय चांगलं झालं बघ," म्हणाल्या. पहिल्यांदाच "तुझं रान" म्हणाल्या, नाहीतर नेहमी "ते तुझं कागदाचं" असतं.

३१ डिसेंबर, मंगळवार

सगळं संपलं.

सकाळी प्लॉटवर गेले तर पिशव्यांना यू-पिना नाहीत. त्यांच्या जागी सुतळीच्या गाठी, नीट मारलेल्या. मग तारखा बघितल्या. वीस तारखेच्या शेजारी अकरा, त्याच्या शेजारी बावीस. आठव्या ओळीतल्या कणसावर तिसऱ्या ओळीची पिशवी. एका कणसावर तर पिशवी उलटी, लिहिलेली बाजू आत.

धावत घरी आले. आत्याबाई अंगणात शांभवीला तेल लावत होत्या. विचारलं तर त्यांनी कौतुकाने सांगितलं, "म्याच काढल्या. येळवसला अंबिल कणसाला लागाया नगं? तोंड झाकून सण खातं का कुणी? भुजंग नगं म्हणत हुता. म्या म्हणलं, लेकराला न्हाऊ घालताना टोपडं काढतावच की. सगळी दुरडीत ठिवली, अंबिल शिंपडली, मंग दिस मावळायच्या आत एकूणएक परत बांधली. दिसभर गोफण घिऊन बसले, एक पाखरू बसू दिलं न्हाई."

मी ओरडले. नर्मदाबाईंसमोर, भुजंगमामांसमोर ओरडले. "त्यावर लिहिलं होतं ना आत्याबाई! चौथी शिकलाय तुम्ही, पोथी वाचता! दिसत नव्हतं का तुम्हाला?"

त्या तेलाचा हात तसाच धरून बसल्या. एक शब्द नाही, चुकलं नाही, काही नाही. इतका हेका मी कुणात पाहिला नाही.

आई कळतेय. बाप एकाचाही कळत नाही. बाप माहीत नसलेल्या संकराला विज्ञानात किंमत नाही. कणसं आता कुणी हुरडा करून खाल्ली तरी चालतील.

१ जानेवारी, बुधवार

शिवप्रकाशचा फोन आला, मी घेतला नाही. सरांना फोन लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला.

सोडते मी. एकदा ठरवून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही वाटत नाहीये. शांभवीला मांडीवर घेऊन रडले तर तिला वाटलं मी खेळतेय, ती हसायला लागली. मग मला तिचाही राग आला आणि त्या रागाची लाज वाटली.

आत्याबाईंनी दोन दिवसांत एकदाही विचारलं नाही, कधी सरायचं. मिळालं असेल उत्तर.

२ जानेवारी, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार आहे.

नर्मदाबाई आज पाथरीला परत निघाल्या. पिशवी खांद्याला लावून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तरी घाल माय ते पिवळं झबलं. फोटो काढते, आमच्या सुनंला दावते."

माझ्यात खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती. "फाडलं ते," म्हटलं.

"फाडलं? नवं झबलं?"

"खुणेला फाडलं. ज्वारीच्या..." आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

पिवळी, पांढरी, निळी, लाल. खाली पेराला. मीच बांधलेल्या, आणि सोडायला वेळ नव्हता म्हणून तिथंच राहिलेल्या!

नर्मदाबाईंना दारात तसंच सोडून मी पळाले. चप्पलसुद्धा घातली नाही. ज्वारीच्या पहिल्या ताटाची वाळकी पानं बाजूला केली, तर खाली धुळीने माखलेली निळी चिंधी. दुसऱ्याला पिवळी. तिसऱ्याला पिवळी. मी मातीत बसून मोठमोठ्याने हसत होते. भुजंगमामा बैल सोडून बघायला आले.

थोड्या वेळाने आत्याबाईही आल्या, कडेवर शांभवी. काय झालं ते भुजंगमामांनी त्यांना सांगितलं. शांभवीला मामांकडे देऊन त्या म्हणाल्या, "सांग, ती वळ म्या बघते." माझा त्यांच्याशी अबोला होता, पण काम मोठं होतं. "पिवळ्या चिंध्या कुठं कुठं आहेत तेवढं सांगा," म्हटलं. त्या वाकल्या, अगदी ताटाला नाक लागेपर्यंत. बोटांनी चाचपलं.

"हिकडं तर सगळ्या पांढऱ्याच हायती. एकदोन काळ्या."

काळी मी बांधलीच नव्हती. मला वाटलं रागाने बोलतायत. जाऊन बघितलं तर समोरच पिवळीधमक चिंधी होती. ती सोडून त्यांच्या हातात दिली. "आत्याबाई, हा रंग कुठला?"

त्यांनी चिंधी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग म्हणाल्या, "मला दिसना गं."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, श्रावणापासून. गंगाखेडच्या डॉक्टरांनी तारीखही दिली होती. ऑपरेशननंतर महिनाभर लेकरू उचलायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. "म्या म्हणलं, सुनंचं सरू द्या आधी. डोळे काय, हायती तितंच."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर लेकरू ठिवलं असतंस का माझ्यापाशी?"

नसतं ठेवलं. एक दिवस नसतं ठेवलं. रांगती पोर आणि पेटलेली चूल आणि न दिसणारी आजी. मी तसं बोललेसुद्धा. त्या म्हणाल्या, "म्हणून तर वाळे घातले. वाजतंय तिथं लेकरू. वाजायचं थांबलं की म्या उठते, मंग हातातलं काईबी असू दे."

आणि मी ते वाळे काढा म्हणत होते. डाळीतल्या खड्यांवरून मनातल्या मनात भांडत होते. "दिसत नव्हतं का तुम्हाला" असं चारचौघांत ओरडले होते. मी तिथंच त्यांना मिठी मारली. आमच्यात सासूला मिठी मारत नाहीत, त्यामुळे त्या बऱ्याच अवघडल्या आणि म्हणाल्या, "सोड, ताट मोडंल एखादं."

३ जानेवारी, शुक्रवार

सगळ्या पिशव्या चिंधीप्रमाणे आणि ओळीप्रमाणे परत लागल्या. एकही संकर बेवारस राहिला नाही.

तरी एक भीती होती. दिवसभर कणसं उघडी होती, परका पराग बसला असला तर? सरांना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं, अंबिलीसकट.

"शेवटचा संकर कधीचा?"

"बावीसचा, सर."

"दाणा धरलाय?"

"धरलाय."

"मग झालं की. फळलेल्या फुलावर परका पराग काय करणार? आता पिशवी फक्त पाखरांसाठी." मग म्हणाले, "ती चिंध्यांची पद्धत कुणी सुचवली?"

"कुणी नाही सर. झोप नव्हती, डोकं चालत नव्हतं म्हणून..."

"प्रबंधात लिहा ती. कारण नाही लिहिलं तरी चालेल."

फोन ठेवला आणि ओसरीवर पाय पसरून बसले. असं निवांत मी किती दिवसांत बसले नव्हते कुणास ठाऊक. श्वास पोटापर्यंत जात होता.

शिवप्रकाशला मात्र फोनवर चांगलं फैलावर घेतलं. त्याला सगळं माहीत होतं! "आईनं शपथ घातली होती," म्हणे. जानेवारीत बघू म्हणजे डोळ्यांचं बघू. एवढं मला सांगितलं असतंत तर दोन भाकऱ्या वाचल्या असत्या, असं त्याला ऐकवलं. त्याला काही कळलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

समिती आली. सरांनी ओळ न् ओळ बघितली. त्यांच्याबरोबरच्या एका सरांचं लक्ष सुतळीच्या गाठींकडे गेलं. "यू-पिना का नाहीत?"

मी काहीतरी जुळवाजुळव करणार एवढ्यात मागून आत्याबाई म्हणाल्या, "म्या काढल्या सायेब. सण हुता. पोरीची चूक न्हाई, माझ्या डोळ्यांची हाय. पर गाठी बघा, वाऱ्यानं एक सुटली न्हाई."

आमच्या सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि या वेळी मला दिसलं की ते हसू लपवतायत. एक गाठ ओढून बघितली आणि म्हणाले, "घट्ट आहे खरी." नंतर कोपीपाशी बसून सगळ्यांनी ताक प्यायलं. समितीचा शेरा: काम समाधानकारक, पुढील टप्प्यास मान्यता.

समाधानकारक! हा शब्द इतका सुंदर आहे हे मला माहीत नव्हतं.

२१ जानेवारी, मंगळवार

काल आत्याबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. शिवप्रकाशने आठवडाभर रजा टाकलीय. तो भाकरी करतो आणि त्या आम्ही खातो. डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडे आहे. आत्याबाईंनी पट्टी निघाल्यावर शांभवीला बराच वेळ न्याहाळलं.

"ही तर तुझ्यावर गेलीय गं. म्या आजवर गावभर सांगत हुते, आमच्यावर गेली म्हणून."

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज कणसं काढली. आत्याबाई काळा चष्मा लावून बांधावर बसल्या होत्या. वाकायला अजून बंदी आहे, म्हणून मी एकेक कणीस पिशवीसकट त्यांच्याकडे देत होते आणि त्या गाठ सोडत होत्या. शांभवी शेजारच्या गोधडीवर वाळे वाजवत बसली होती. वाळे काढायला आता मीच तयार नाही.

एक पिशवी त्यांनी चष्मा वर करून वाचली. "तीन... गुणिले... दोन. ह्ये काय?"

"तीन नंबरची आई, दोन नंबरचा बाप."

"आईचं आधी लिवत्यात?"

"हो. संकर लिहिताना आईचंच आधी लिहायचं, जगभर तसंच."

"बरं हाय की," म्हणाल्या. पिशवी पुन्हा वाचली. "पर अक्षर लय घाण हाय तुझं. माझ्या डोळ्यांला कशाला नावं ठिवायलीस मंग?"

मी इतकी हसले की हातातलं कणीस पडलं. मग त्यांनी तो जुना प्रश्न विचारला, कितीतरी दिवसांनी.

"आता कधी सरायचं गं हे तुझं?"

"अजून दोन वर्षं लागतील, आत्याबाई. हे बी पेरायचं, मग त्याचं बी पेरायचं."

त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि पुढच्या पिशवीची गाठ सोडायला घेतली.

"दोन वर्सं? मंग दुसरा डोळा ह्याच महिन्यात करून घिऊ. पुढल्या येळवसला टोपडी म्या वाचून बांधीन."

उद्या गंगाखेडच्या दवाखान्यात तारीख घ्यायला फोन करायचा आहे.